विजेची पेटी आणि गुणवंताचं मनगट

५ सप्टेंबर १९५६, बुधवार. पांढुर्णा

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे इथे गोटमार. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मधोमध पाण्यात पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा बांधलेला, आणि दोन्हीकडून दिवसभर दगडांचा पाऊस. मी सौसरचा माणूस, इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, मला या रानटीपणाशी काय देणंघेणं? पण आमचे ड्रॉइंग मास्तर पुंडलिकराव ऐकतील तर शपथ. "चला न बावा, सासरवाडीले भिता काय?" माझी बायको विजू, तिचं माहेर सावरगावचं, म्हणून दरवर्षी हीच थट्टा. शेवटी गेलो. फक्त पाहायला.

संध्याकाळी निरोप आला की विजूचा धाकटा भाऊ गुणवंता याला दंडावर गोटा लागला. दोघं धावत गेलो. हाड मोडलेलं नाही. सासूबाईंनी चंडीमातेची विभूती फासून ठेवली होती. पण उजवा हात पुढे केला की मनगट खाली लोंबतं. बोटं मिटतात, मनगट वर उचललं जात नाही. गुणवंता म्हणाला, "भाऊजी, हात झोपून राह्यला फक्त. उठन उद्या."

झोप येईल असं वाटत नाही.

६ सप्टेंबर

हात उठला नाही.

गुणवंताचा हात म्हणजे साधा हात नव्हे. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बसवायचा, याला इकडे डोळे भरणं म्हणतात, आणि तिगावपासून बोरगावपर्यंत त्याच्यासारखे डोळे भरणारा दुसरा नाही. यंदा त्याने पहिल्यांदाच स्वतःची तीन हजार जंबेरी लावली आहे. थंडी पडली की डोळे भरायचे. थंडीतच भरायचे, नाही तर रोपं जून होतात आणि वर्ष गेलं. चाकू उजव्या हातात, आणि मनगट ताठ पाहिजे. हे मला त्याने नाही, सासूबाईंनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू शाळेत शिकलेल्या जावयाने आता काही तरी करून दाखवावं.

करून दाखवतो. शाळेच्या कपाटात जुनी विजेची पेटी आहे. नालाच्या आकाराचं मोठं लोहचुंबक, त्यापुढे तारेची दोन रिळं, बाजूला दांडा. दांडा फिरवला की रिळं चुंबकापुढे फिरतात आणि वीज तयार होते. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यातून ती अंगाला दिली की स्नायू आकसतो. शरीर काय, मज्जातंतूंतून विजेचेच हुकूम सोडत असतं. वरून हुकूम येत नसेल तर आपण बाहेरून द्यायचा. इतकं सोपं आहे!

९ सप्टेंबर, रविवार

यश! गुणवंताला ओसरीवर बसवलं, कोपराखाली एक फडकं, दंडाखाली दुसरं, आणि दांडा फिरवला. मनगट ताडकन वर! सासूबाई देवकाबाई "अगं माय!" म्हणून तुळशीआड गेल्या. अर्धं सावरगाव गोळा झालं. मी सर्वांना सांगून टाकलं, पंधरा दिवसांत हात बरा करतो. विजू म्हणाली, "असं सगळ्यायसमोर बोलाले नव्हतं पाहिजे." तिला विज्ञानावर भरवसा नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण डायरीत खोटं लिहायचं नाही असा नियम मी स्वतःच केला आहे. गोटमारीच्या दिवशी मी एक गोटा फेकला होता. एकच. पुंडलिकरावांनी हातात दिला, लोक हसत होते, म्हणून. हलकाच फेकला. पाण्यात पडला असेल.

माझ्या कोटाच्या खिशात दुसरा एक राहून गेला होता. विजूने कोट धुताना तो काढून खिडकीत ठेवलाय. कशाला, देव जाणे. खिडकीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावायला असेल.

१३ सप्टेंबर

आज मनगट हललं, पण पहिल्यासारखं नाही. फडकी कोरडी होती बहुतेक.

दहावीला आज प्रक्षेप्य वस्तूची गती शिकवली. धड्याला अजून वेळ होता, पण शिकवली. फळ्यावर उदाहरण घेतलं: पावशेराचा दगड, सेकंदाला साठ फूट वेग, पंचेचाळीस अंशाचा कोन. दगड जातो एकशे बारा फूट. नदीचं पात्र तिथे दीडशे फूट तरी असेल. म्हणजे काठापर्यंत पोचूच शकत नाही. मुलांना समजलं. मलाही बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, रविवार

हात मुळीच हलला नाही. दांडा इतका फिरवला की माझा खांदा भरून आला. गुणवंता शांत बसून होता. "लागून राहिलं का?" विचारलं, तर म्हणे, "नाही लागत, फिरवा तुमी." पेटीच बिघडली! जुनं चुंबक, जोर उतरला असणार. रात्रीच्या जेवणाआधी चुंबकाला टाचण्या लावून पाहिल्या. अठ्ठावीस चिकटल्या.

१८ सप्टेंबर

पेटी स्वतःच्या हाताला लावून पाहिली. हात असा उडाला की शाईची दौत पडली आणि भिंतीला निळा डाग. पेटी ठणठणीत आहे.

मग त्याचा हात का उत्तर देत नाही? आठ दिवसांपूर्वी देत होता! बरं होण्याच्या वाटेवर माणूस मागे कसा जाईल?

२० सप्टेंबर

आज पुन्हा लिहितो, कारण मनातून जात नाही. दीडशे फूट हे काठापर्यंतचं अंतर झालं. गुणवंता काठावर नव्हता. तो पळसाच्या झाडाजवळ पाण्यात होता. म्हणजे साठ-सत्तर फूट.

पण गोटे शेकडो पडत होते. हजारो.

२३ सप्टेंबर, रविवार

शनिवारी सासूबाई त्याला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन गेल्या होत्या. मला न विचारता! मी चिडलो. विजू म्हणाली, "तुमची पेटी चालून नाही राह्यली तं आईनं काय करावं?" मी म्हटलं, पेटी चालून राहिली आहे, हात चालत नाही. जेवण अर्धं टाकून उठलो.

शाळेच्या बॅटरीचे सहा सेल एकापुढे एक जोडून आणले. पेटीची वीज झटक्याझटक्याने येते, बॅटरीची सलग. तार टेकवली आणि मनगट हललं! ताडकन नाही, सावकाश, गोगलगाय शिंगं काढते तसं. पण हललं! मी गुणवंताला मिठीच मारली. तो बिचारा ओशाळून हसला. "भाऊजी, लोक पाहून राह्यले न."

७ ऑक्टोबर, रविवार. नागपूर

बॅटरीवर पंधरा दिवस काढले. हात तारेला उत्तर देतो, गुणवंताला देत नाही. म्हणून त्याला घेऊन पहाटेच्या गाडीने नागपूरला आलो. श्रीकांत माझा कॉलेजचा सोबती, आता इथे मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मी त्याला माझे सगळे प्रयोग उत्साहाने सांगितले. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

गुणवंताला बाहेर बसवून म्हणाला, "वसंता, तू फार चांगली तपासणी केलीस, पण अर्थ उलटा लावलास." पेटीचा झटका क्षणभराचा असतो. तो मज्जातंतूला कळतो, एकट्या स्नायूला कळत नाही. बॅटरीची वीज रेंगाळते, ती स्नायूला थेट कळते. मार लागल्यावर पहिले काही दिवस तंतूचा खालचा तुकडा जिवंत होता, म्हणून पेटीला हात उडाला. मग तो मेला. बॅटरीने जे सावकाश हलत होतं तो एकटा पडलेला स्नायू. मी ज्या दिवशी त्याला मिठी मारली, त्या दिवशी खरं तर तंतू मेल्याची खात्री पटली होती.

"मग संपलं?"

"तुटला असेल तर कठीण. नुसता चेंगरला असेल तर वरून खाली पुन्हा वाढत येईल. दिवसाला एक मिलिमीटर."

"लवकर वाढावा म्हणून काय करायचं?"

"काही नाही. मनगटाखाली फळी बांध, लोंबू देऊ नकोस. बॅटरी दहा मिनिटं लाव, स्नायू वाळायचा थोडा थांबेल. आणि जपून. त्या कातडीला भाजलेलं कळत नाही." मग विचारलं, "गोटा फार जवळून लागला का रे?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

परतीच्या गाडीत गुणवंताने डाव्या हाताने संत्रं सोलून अर्धं मला दिलं. मी ते रुमालात बांधून ठेवलं.

२० ऑक्टोबर

ऑफिसातून पत्र आलं. एक तारखेपासून नवी राज्यं. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात, आपण छिंदवाडा जिल्हावाले मध्य प्रदेशातच, राजधानी भोपाळ. ज्यांना विदर्भात बदली हवी त्यांनी महिनाअखेर पसंती कळवावी. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर हीच गडबड. पुंडलिकराव म्हणाले, "मराठी शाळेत मराठी मास्तर, आन् साहेब बोलन हिंदी. निघा लागते बावा." मी लगेच कागद भरला. मुंबई राज्य.

विजू म्हणाली, "गुण्याचा हात?"

मी म्हटलं, "तोवर बरा होईल."

"अकरा दिवसांत?"

अकरा मिलिमीटर. हे मी बोललो नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

लिहायची लाज वाटते, पण नियम तो नियम.

दहा मिनिटांनी काय होणार, असं वाटलं. सहाचे बारा सेल केले आणि तासभर ठेवले. मी शेजारी बसून त्या पसंतीच्या कागदावर कोणत्या गावांची नावं द्यायची ते मोठ्याने ठरवत होतो. वर्धा की काटोल. फडकं कधी सुकलं आणि तारेच्या टोकाचा पत्रा कातडीला कधी टेकला, कळलंच नाही. गुणवंता रेडिओ ऐकावा तसा माझं ऐकत बसला होता. फडकं काढलं तर हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या वर, रुपयाएवढं पांढरं. भाजलं होतं. खोल.

"बोलला का नाहीस?" मी ओरडलो. त्याच्यावरच ओरडलो!

"कळलंच नाही भाऊजी."

विजूने येऊन सगळं पाहिलं. तारा उपटल्या, बॅटरी उचलून अंगणात ठेवली आणि म्हणाली, "हात त्याचा आहे. तुमचा नाही. आता पुरे." मला ती इतक्या वर्षांत असं बोललेली नाही. तिला काय म्हणायचं होतं ते नीट समजलं नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज नवं राज्य. शाळेत मुलांना पेढे वाटले. उद्या लक्ष्मीपूजन. कागद माझ्या खिशातच राहिला, काल शेवटची तारीख होती. मी पाठवायला विसरलो असं पुंडलिकरावांना सांगितलं.

विसरलो नाही. जाऊन कुठे जाणार होतो? काटोललाही गोटा फेकलेला हाच हात खांद्याला लावून गेलो असतो.

विजूने कागद पाहिला, फाडला आणि त्यावर पणत्यांच्या वाती ठेवल्या.

१८ नोव्हेंबर, रविवार

भाजलेलं भरत आलं. थंडी पडली. जंबेरी बोटाएवढी जाड झाली आहे, साल सुटते आहे, आणि चाकू धरायला कोणी नाही. बोरगावचा माणूस आणूया म्हटलं तर त्याचं स्वतःचंच काम. आज मी म्हटलं, "गुणवंता, मला शिकव."

सासूबाई हसल्या. विजू नाही हसली.

तो डाव्या हाताने दाखवतो, मी करतो. सालीला उलट्या टी सारखी चीर, संत्र्याच्या काडीवरून डोळा सालीसकट उचलायचा, चिरेत सरकवायचा, केळीच्या ओल्या सोपटाने बांधायचा. बोट कापलं, दोनदा. दिवसभरात अठरा झाले. तो एका दिवसात दोनशे करत असे. "शाब्बास मास्तर," म्हणाला, आणि मला दहावीत पहिला आल्यासारखं वाटलं. इतकी कमाल आहे माझी!

२ डिसेंबर, रविवार

शाळा सुटली की सावरगाव. पूल ओलांडताना मी खाली पाहत नाही.

आज गुणवंता रागावला. पहिल्यांदा. मी मागच्या रविवारी बांधलेली दहा-बारा सोपटं सोडून पाहिली होती, डोळा जगला का म्हणून. सगळे सुकले. तो रोपापाशी उकिडवा बसला, ते काळे पडलेले डोळे बोटाने काढत म्हणाला, "काय करून राहिले भाऊजी तुमी? डोळा भरला का विसरून जा लागते. एकवीस दिवस. तो आपल्या अंगानं चिकटते. तुमी उघडून पाहाल तं मरतेच."

मी त्याच्या मनगटाखालची फळी पाहत होतो. ती मी रोज सोडून पाहतो.

१६ डिसेंबर, रविवार

आजपासून फळी फक्त विजू सोडेल, असं मीच सांगितलं. बॅटरी शाळेत परत केली. पेटीही. कपाटात ठेवताना चुंबकाला एक टाचणी चिकटलेली होती, ती काढली.

पाचशे डोळे भरून झाले. पहिल्या शंभरांतले एकसष्ट जगले, गुणवंताने मोजले.

त्याला सांगायचं आहे. रोज पुलावर ठरवतो, रोज बांधावर पोचलो की तो म्हणतो, "आले का मास्तर, बसा," आणि मी बसतो.

१३ जानेवारी १९५७, रविवार

उद्या संक्रांत. आज शेवटचे डोळे. तीन हजारांतले अकराशेच झाले, बाकी रोपं पुढच्या थंडीपर्यंत जून होतील. सासूबाई त्यावर एकदाही बोलल्या नाहीत.

दुपारी मी चीर मारली, डोळा सरकवला आणि धरून बसलो. सोपट बांधायचं काम गुणवंताचं, डाव्या हाताने आणि दातांनी. विजूने फळी सकाळी सोडली होती, तेल लावायला. पाण्याची घागर माझ्याजवळ, सोपटं तिच्यात. तो पुढच्या रोपाकडे पाहत म्हणाला, "द्या," आणि हात पुढे केला.

उजवा.

मनगट लोंबलं नाही. थरथरत होतं, पण हाताच्या रेषेत होतं. डोळ्याची पापणी लवेल इतका वेळ. मग खाली गेलं. तो स्वतःच त्याच्याकडे पाहत राहिला. पुन्हा उचललं. पुन्हा आलं.

पेटी नाही, सेल नाही, तार नाही, कोणी दांडा फिरवत नव्हतं. मी ओरडलोही नाही. धरलेला डोळा सोडता येईना म्हणून तसाच बसलो आणि रडू लागलो, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

आणि मग तोंडातून निघालं. "गुणवंता, तो गोटा माझा होता."

"माहीत आहे न."

"काय माहीत आहे?"

"भाऊजी, त्या काठावर कोट घालून गोटा फेकणारे तुमी एकटेच होते. मी म्हटलं, हे पाहा, मास्तरायचा नेम चुकून राहिला, आन् तेवढ्यात लागला." तो हसला. "ताईलेबी माहीत आहे. कोटाच्या खिशात दुसरा सापडला तिले."

खिडकीतला गोटा. चार महिने रोज सकाळी त्याच्याजवळ आरसा ठेवून मी दाढी केली.

"मग बोलला का नाहीस? रोज पेटीसमोर काहून बसत होतास? मी झटके देत होतो, भाजलं मी तुला!"

तो म्हणाला, "हातात जीवच नव्हता, मले कुठं लागत होतं? पण तुमी दांडा फिरवत असले का तुमाले बरं वाटे. म्हणून बसत होतो."

मी इतके दिवस त्याला बरा करत होतो!

त्याने पुन्हा उजवा हात पुढे केला. "द्या न सोपट. डोळा सुकून राहिला."

मी दिलं. त्याने बांधलं. डाव्या हाताने आणि दातांनी, पण गाठीवर शेवटी उजवं बोट टेकवलं.

घरी आलो तर खिडकीत गोटा नव्हता. बांधावरून माझ्याआधीच निघून आलेल्या विजूला विचारलं. म्हणाली, नदीत टाकला.